एकशे ब्याऐंशी अंशांचा मी

मित्रांनो, सातवीच्या वर्गात, एका बुधवारी, खिचडीच्या सुट्टीआधी, मला सदोष ठरवून निर्लेखित करण्यात आले. निर्लेखित म्हणजे काय, तर ही वस्तू आता या जगात नाही असे सहीशिक्क्याने ठरवणे.

असे काही घडलेच नाही असे समजून आपण पुढे जाऊ. मीही तसेच समजतो आणि माझी झोप चांगली होते.

मी एक जुना लाकडी कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीत जो प्लॅस्टिकचा, आरपार दिसणारा, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा नाजूक प्राणी राहतो, तो माझा लांबचा भाऊ. तो खिशात मावतो. मला उचलायला दोन मुले लागतात आणि त्यांपैकी एक नेहमी रडते. माझा पाया दीड हात लांब आहे. वजन म्हणाल तर पोटभर जेवलेल्या कोंबड्याएवढे. फळ्यावर काढलेले कोन मोजणे हे माझे काम. मी ते पंधरा वर्षे इमानदारीने केले आणि पहिली आठ वर्षे माझे उत्तर कोणीच जसेच्या तसे लिहून घेतले नाही.

माझा जन्म १९९९ सालचा. त्याच वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा संबंध आहे. आमचे गाव सौंदड स्टेशनापासून सायकलने पाऊण तासावर आहे. त्याचे नाव मी सांगत नाही, गावाने मला तशी तोंडी सूचना दिलेली आहे. तर नवा जिल्हा झाला म्हणजे शाळेला नवे सामान मिळणार, असे आमचे हेडमास्तर छोटेलाल गुरुजी यांना मनापासून वाटले. त्यांनी सुवाच्य अक्षरात यादी केली. एक पृथ्वीगोल, एक घंटा, एक फळ्यावरचा कोनमापक. ती यादी गुरुजींनी पोस्टाच्या पेटीत टाकली की सदऱ्याच्या खिशात धुतली गेली, यावर त्यांच्या घरात आजही मतभेद आहेत. पोळा गेला, दसरा गेला, धान कापणीला आले. सामान आले नाही.

मग गुरुजींनी गावातूनच सोय केली. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगला. तो आजही उत्तम वाजतो. पृथ्वीगोल म्हणून एका कोहळ्यावर सात खंड रंगवले. तो दिवाळीपर्यंत टिकला, मग दक्षिण गोलार्ध हळूहळू खाली बसला आणि अंटार्क्टिकाला मुंग्या लागल्या. तिसरी वस्तू मी.

केवलराम वाढई हा माझा निर्माता. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. नांगर, बंडी म्हणजे बैलगाडी, दरवाजे, पाळणे, सगळे तोच करायचा. गुरुजींनी त्याच्या हातात एक प्लॅस्टिकचा छोटा कोनमापक ठेवला आणि गोंदियाकडच्या आपल्या मिसळ भाषेत सांगितले की हूबहू ऐसाच पायजे, फक्त बडा.

केवलरामने दरवाजाच्या चौकटीतून उरलेली बीज्याच्या लाकडाची फळी घेतली. करवतीने माझी कमान कापली. तीन दिवस मला घासले. मी इतका गुळगुळीत झालो की माझ्यावर बसलेली माशी घसरली. त्याची चार वर्षांची नात पिंकी लाकडाच्या भुशात बसून मुरमुरे खात होती. मुरमुरे संपल्यावर तिने माझी एक कड चाटून पाहिली. आमची ओळख तेव्हापासूनची.

मग रेघा मारायचा दिवस आला. मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या, कारण माझे सगळे आयुष्य या एका दुपारवर उभे आहे. केवलरामने परकाराची दोन टोके अगदी जवळ धरली आणि माझ्या कमानीवरून मुंगीसारखी पावले टाकत नेली. प्रत्येक पावलाला एक रेघ. तापवलेल्या खिळ्याने त्याने आकडे डागले. शून्य, दहा, वीस, असे करत एकशे ऐंशी. आणि त्यानंतर बिनआकड्याच्या आणखी दोन रेघा.

त्याची बायको रुख्मा बाजूला सूप घेऊन बसली होती. तिने विचारले, "अवो, गुरुजीनं एकशे ऐंशी सांगतले ना? मंग हे दोन कायले?"

केवलराम म्हणाला, "धान मोजून देल्ल्यावर वरून दोन ओंजळी टाकतो का नाई आपण? हे तं शाळेचं काम हाय. मोजून बरोब्बर कसं देऊ? लाज वाटते."

रुख्माला ते पटले. आमच्या भागात कोणालाही पटले असते. पायलीने धान मोजून झाले की वरून दोन ओंजळी पडल्याशिवाय घेणारा उठत नाही आणि देणाऱ्यालाही चैन पडत नाही. नुसते मापाएवढे देणे म्हणजे पाहुण्याला अर्धा कप चहा देण्यासारखे. फरक एवढाच की धानाचे पोते वाढते, अर्धवर्तुळ वाढत नाही. जागा तेवढीच राहिली आणि पाहुणे दोन जास्त आले. मग काय, माझ्या सगळ्या अंशांना लग्नाच्या पंगतीत सरकतात तसे थोडे थोडे सरकून बसावे लागले. प्रत्येक अंश केसाएवढा बारीक झाला. कोणी तक्रार केली नाही.

छोटेलाल गुरुजींनी मला तपासले. शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंत सगळे आकडे त्यांनी बोट ठेवून वाचले, त्यांचे समाधान झाले आणि ते थांबले. समाधान झाल्यावर पुढे कोण वाचते?

मी शाळेत रुजू झालो. गणिताच्या अल्का मॅडमनी फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिले की त्रिकोणाच्या तिन्ही आंतरकोनांच्या मापांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते. त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग एक सुरेख त्रिकोण काढला आणि मला त्याच्या तिन्ही कोपऱ्यांत आळीपाळीने बसवले. बेरीज आली एकशे ब्याऐंशी.

मॅडमनी त्रिकोणाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. दाराकडे पाहिले. पुन्हा मोजले. पुन्हा एकशे ब्याऐंशी. वर्गात चाळीस मुले होती आणि त्या दिवशी नेमकी सगळी जागी होती. मॅडम फार हुशार होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले की खडूच्या रेघेला जाडी असते, त्या जाडीमुळे दोन अंश वाढतात, म्हणून ते वजा करायचे.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत खडूचे दोन वजा करण्याची पद्धत पडली. त्रिकोण काढा, मोजा, बेरीज करा, खाली लिहा 'खडूचे दोन वजा', उत्तर एकशे ऐंशी, शेरा छान. आठ वर्षे हे चालले. मुले इतकी पटाईत झाली की इतर ठिकाणीही खडूचे दोन वजा करू लागली. एका मुलाने सात आठे छप्पन, खडूचे दोन वजा, चोपन्न असे उत्तर लिहिले आणि एका मुलीने भारताची राज्ये अठ्ठावीस, खडूचे दोन वजा, सव्वीस असे लिहिले. खडू बिचारा मुका. तो काय बोलणार?

या काळात मी रिकामा कधीच नव्हतो. स्नेहसंमेलनात मला पिवळा कागद लावून उगवता सूर्य करण्यात आले. पहिल्या अंकात मी छान उगवलो, पण मला धरणाऱ्या मुलाला शिंक आली आणि राजा अजून दरबारात यायचा होता तोच मी मावळलो. पुढचे नाटक कंदिलावर झाले. क्रिकेटमध्ये मी यष्टिरक्षक होतो आणि बॅट हरवली की बॅटही. शाळेत दुपारची खिचडी सुरू झाल्यावर ती शिजवणाऱ्या जमुनाबाई मला गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, झाकण म्हणून ठेवायच्या. मी अर्धाच असल्यामुळे खिचडी अर्धीच झाकली जायची आणि त्याबद्दल मलाच बोल लावला जायचा. जमुनाबाईंची माझ्यावरची नजर मला तेव्हापासून ठाऊक आहे. ती झाकणाकडे पाहण्याची नजर नव्हती. बीज्याचं सुकं लाकूड हाय, फर्मास जळन, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखे करायचो.

२००७ साली पिंकी सातवीत आली. माझी कड चाटणारी तीच ती. बाकी मुलगी चांगली होती, पण तिला एक वाईट खोड होती. ती वजा करत नसे.

पहिल्याच त्रिकोणाला तिने वहीत एकशे ब्याऐंशी लिहिले आणि रेघ ओढून मोकळी झाली. मॅडमनी समजावले की पिंकी, खडूचे दोन राहिले. पिंकी म्हणाली, काऊन? मॅडमनी जाडीचे सांगितले. दुसऱ्या दिवशी पिंकीने व्हरांड्यात कोळशाने त्रिकोण काढला आणि मला त्यावर ठेवले. एकशे ब्याऐंशी. मॅडम म्हणाल्या की कोळशालाही जाडी असते. तिसऱ्या दिवशी तिने मैदानातल्या तीन बकऱ्यांच्या खुंट्यांना दोरी बांधली आणि तो त्रिकोण मोजला. एक बकरी माझा नव्वदावा अंश चाटत होती तरी बेरीज तीच आली. पिंकीने वर्गात येऊन सांगितले की मॅडम, बकऱ्यांजवळ खडू नव्हता.

मॅडमनी सगळ्यांना इतिहासाचे पुस्तक काढायला सांगितले.

त्या संध्याकाळी पिंकीने घरी आपल्या आजाला विचारले. केवलरामने अगदी अभिमानाने, मिशीवरून हात फिरवत सांगितले की हो, दोन वरून देल्ले, तुझ्या शाळेसाठी. मला हे दुसऱ्या दिवशी कळले, कारण पिंकी आल्याबरोबर माझ्याजवळ आली, एकशे ऐंशीच्या पुढच्या त्या दोन रेघांवर बोट ठेवून उभी राहिली.

तिच्या डोक्यात काय चालले होते ते मला स्पष्ट वाचता येत होते. खरे सांगावे, तर आजाच्या हातची वस्तू चुकीची ठरणार आणि मी थेट जमुनाबाईंच्या चुलीत. न सांगावे, तर जन्मभर खडूवर खोटा आळ. दोन दिवस पिंकीने गुपचूप खडूचे दोन वजा केले. मॅडमनी दोन्ही दिवस 'छान' लिहिले. पिंकीने दोन्ही दिवस ते पान दुमडून ठेवले.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, केंद्रप्रमुख भुपेंद्र साहेब तपासणीला आले.

साहेबांच्या हातात एक फॉर्म होता आणि खिशात पेन, शाईची डबी आणि शिक्का. साहेब गंभीर चेहऱ्याचे पण मनाने सरळ होते. त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि पहिल्या बाकावरच्या लोकेशला कोन मोजायला बोलावले. लोकेश आमच्या शाळेत तयार झालेला होता. त्याने मला हातही न लावता सांगितले, साठ, साठ, साठ, बेरीज एकशे ऐंशी, साहेब. फळ्यावरच्या त्रिकोणाचा एक कोपरा टोकदार आणि दुसरा चांगला ऐसपैस होता. साहेबांनी लोकेशला बसायला सांगितले आणि पिंकीकडे बोट केले.

पिंकीने मला उचलले. एकटीने. तिच्या हाताला घाम आला होता, माझ्या बीज्याला तो ओलावा आजही आठवतो. तिने पहिला कोन मोजला, एकाहत्तर. दुसरा, एकसष्ट. तिसरा, पन्नास. मग ती थांबली. मॅडमनी मागून अगदी हळू आवाजात 'खडू' असे म्हटले.

"एकशे ब्याऐंशी," पिंकी म्हणाली. "आणि खडू नाई, मॅडम. कोनमापकातच दोन जास्त हायत. माझ्या आजानं टाकले."

बाहेर खिचडी शिजत होती. साहेब पुढे आले. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या सगळ्या रेघा मोजल्या. जन्मल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत मोजले. मला खरे तर बरे वाटले असते, पण मोजून झाल्यावर साहेबांनी फॉर्म काढला आणि लिहिले, लाकडी कोनमापक, एक नग, सदोष, निर्लेखित. सही केली. शाईच्या डबीवर शिक्का दाबला आणि कागदावर उमटवला. छोटेलाल गुरुजींनी मान खाली घातली.

दारात जमुनाबाई उभ्या होत्या. त्या नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, मंग नेऊ का हे? चूल थंडी होऊन राहिली."

साहेबांनी मान हलवली. जमुनाबाईंनी माझे शून्याचे टोक धरले. पण पिंकीने दुसरे टोक सोडले नाही. मी दोघींच्या मध्ये काटकोनात उभा राहिलो. माझ्या हिशेबाने एक्याण्णव अंशांत.

"मावशी, थांब जराशी," पिंकी म्हणाली. "साहेब, ह्याच्यानं आणखीन एक कोन मोजू द्या. मंग जाळा."

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि एक कोन मंजूर केला.

पिंकीने फळ्यावरच्या त्रिकोणाची खालची बाजू पन्नास अंशाच्या कोपऱ्यातून बाहेर वाढवली. जणू त्रिकोणाने पाय लांब केला. आता त्या कोपऱ्यात आतल्या कोनाच्या शेजारी बाहेरही एक कोन तयार झाला. हा बाह्यकोन. तिने मला तिथे बसवले. एकशे बत्तीस. मग तिने आत, दूर बसलेल्या दोन कोनांची बेरीज बाजूला लिहिली. एकाहत्तर अधिक एकसष्ट. एकशे बत्तीस.

साहेब म्हणाले की योगायोग असेल.

पिंकीने दुसऱ्या कोपऱ्यातली बाजू वाढवली. बाहेर एकशे एकवीस. आत दूरचे दोन, एकाहत्तर आणि पन्नास, एकशे एकवीस. तिसरा कोपरा. बाहेर एकशे अकरा. आत एकसष्ट आणि पन्नास, एकशे अकरा. साहेबांनी योगायोग हा शब्द पुन्हा काढला नाही.

आता एक अशी गोष्ट घडली की शाळेच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी होती. लोकेश उठला, त्याने कंपासपेटीतला स्वतःचा प्लॅस्टिकचा कोनमापक काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर मोजले. सत्तर, साडेसाठ, साडेएकोणपन्नास. बेरीज एकशे ऐंशी. मग त्याने बाहेरचा कोन मोजला. एकशे साडेतीस. सत्तर आणि साडेसाठ, एकशे साडेतीस. लोकेश आपल्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो हात शेजारच्यांचा होता.

"अजब है," साहेब म्हणाले. "दोनों अलग मोजतात, आणि दोघांचंही जुळते. कसं काय, बेटा?"

पिंकीने फळ्यावर एक सरळ रेघ ओढली आणि मला तिच्यावर ठेवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या रेघा मोजा. एकशे ब्याऐंशी.

"हे पाहा, साहेब. आजाची सरळ रेघच एकशे ब्याऐंशीची हाय. लोकेशची एकशे ऐंशीची हाय. त्रिकोणाले आकडे मालूम नाई. त्याचे तिन्ही कोन मिळून एक सरळ रेघ भरते, बस. आन बाहेरचा कोन आपल्या शेजारच्याले घेऊन तेच सरळ रेघ भरते. मंग शेजारचा दोन्हीकडून काढून टाकला का काय उरन? इकडं बाहेरचा, इकडं दूरचे दोघं. सारखेच उरन."

कोणाला पटले नसेल म्हणून तिने वहीतून कागदाचा एक त्रिकोण फाडला. वहीचे ते दोन दिवसांपासून दुमडलेले पान होते. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे तोडले आणि त्यांची टोके बाकाच्या कडेवर एका ठिकाणी जुळवून ठेवली. तिन्ही कोपरे बाकाच्या कडेला अगदी चिकटून बसले. फट नाही, चढाओढ नाही. तिथे कोणताच कोनमापक नव्हता, खडूही नव्हता. नुसती एक सरळ कड आणि तिच्यात सामावलेले तीन कोन.

मित्रांनो, मी तेव्हापर्यंत स्वतःला दोन अंशांनी चुकलेला समजत होतो. त्या क्षणी मला कळले की मी चुकलेलो होतो, पण सगळीकडे सारखाच चुकलेलो होतो. आतही तेवढाच, बाहेरही तेवढाच. म्हणून त्रिकोणाने मला कधी खोटे पाडले नाही. माझ्यातून आनंदाची एक बारीक कळ गेली. ती चीर आजही शंभराव्या अंशापाशी दिसते.

साहेबांनी वाकून तिन्ही कोपरे बोटाने दाबून पाहिले. त्यांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. शेवटी म्हणाले की शिक्का तर झाला, आता तो वापस नाही होत. गुरुजींचा चेहरा पडला. जमुनाबाईंची पकड घट्ट झाली. तेव्हा साहेबांनी फॉर्म वर धरला आणि गंभीरपणे समजावून सांगितले की या कागदाप्रमाणे ही वस्तू आता अस्तित्वात नाही. आणि जी वस्तू अस्तित्वात नाही ती जाळता येत नाही, नेता येत नाही आणि वर्गात ठेवली तर त्याला कोणी हरकतही घेऊ शकत नाही.

"मले तं दिसून राहिली," जमुनाबाई म्हणाल्या.

"कागदावर नाही, बाई."

"मंग कागदच द्या. त्याच्यावर पेटवतो चूल."

साहेबांनी फॉर्म घाईने घडी करून आतल्या खिशात ठेवला. सगळा वर्ग हसला, जमुनाबाई सर्वांत जास्त. त्या दिवशी खिचडीला थोडा उशीर झाला आणि साहेबांनी दोनदा वाढून घेतली.

संध्याकाळी केवलराम शाळेत आला. कोणीतरी त्याला अर्धीच बातमी सांगितली होती, की तुझा कोनमापक साहेबांनी चुकीचा ठरवला. त्याच्या खांद्यावर रंधा होता. त्या दोन रेघा तासून टाकायला तो आला होता. माझ्यासमोर तो उकिडवा बसला, पण त्याला रंधा लावायचा धीर होईना.

"मंग चुकलं का वो माझं?" त्याने पिंकीला विचारले.

"चुकलं, आजा," पिंकी म्हणाली. "पण सगळीकडं सारखं चुकलं. म्हणून चालते."

केवलरामने त्या दोन्ही रेघा बोटाने चाचपल्या. मग तो उठला, रंधा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "सारखं असन तं ठीक हाय." जाताना त्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला. बंडीचे चाक नीट बसल्यावर फिरवतो तसा.

पुढच्या आठवड्यात अल्का मॅडमनी वर्गासमोर खडूची माफी मागितली. हातात एक अख्खा खडू धरून, पूर्ण गांभीर्याने. मग त्या म्हणाल्या की आठ वर्षे मी उत्तर आधी लिहीत होते आणि मोजणे नंतर, आता उलटे करू. तेव्हापासून दर वर्षी सातवीच्या मुलांना मला आणि प्लॅस्टिकच्या कोनमापकाला एकदम देण्यात येते आणि विचारण्यात येते की या दोघांत खोटे कोण बोलते ते शोधा. मुले दोन दिवस भांडतात. काही माझ्या बाजूने, काही त्याच्या. मग कोणीतरी त्रिकोणाची एक बाजू बाहेर वाढवते आणि भांडण मिटते. पिंकी आता गोंदियाला कॉलेजात शिकते. सुट्टीत येते तेव्हा शाळेत डोकावते. मला उचलून पाहते आणि म्हणते की तू हलका होऊन राहिला. हे वयामुळे असावे.

२०१० साली शाळेला एक नवाकोरा, मोठा प्लॅस्टिकचा कोनमापक मिळाला. तो तुटू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. तो अगदी बरोबर मोजतो, असे म्हणतात. कोणी पाहिलेले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. हातातली वस्तू चुकली असे वाटले, तर लगेच चुलीकडे पाहू नका आणि मुक्या खडूकडेही पाहू नका. आधी तिला सरळ रेघेवर ठेवा आणि तिची पूर्ण मापे वाचा. शेवटच्या बिनआकड्याच्या रेघांपर्यंत वाचा. तिला वर्षातून एकदा जवसाचे तेल लावा, ओल्या भिंतीला टेकवू नका आणि तिच्याने चौकार मारू नका. आणि तुमचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर दोन वजा करण्याआधी तीन बकऱ्या बांधून एकदा मोजून पाहा.

आता एक शासकीय बाब. ती माझ्या वतीने कोणीतरी योग्य त्या टेबलावर पोहोचवावी.

प्रति, माननीय सक्षम अधिकारी महोदय, कोन व वर्तुळे विभाग. विषय, पूर्ण वर्तुळास वाढीव अंश मंजूर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की अर्जदाराच्या कार्यक्षेत्रातील सरळ कोन एकशे ब्याऐंशी अंशांचा असून त्यानुसार एका पूर्ण वर्तुळाचे तीनशे चौसष्ट अंश होतात. तथापि सध्या प्रत्येक वर्तुळास तीनशे साठच अंश देण्यात येत असल्याने गावातील बंडीची चाके, भाकरी, विहिरी व पौर्णिमेचा चंद्र यांच्यावर प्रत्येकी चार अंशांचा अन्याय होत आहे. तरी सदर चार अंश पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करून, ते ओले होणार नाहीत अशा प्रकारे बांधून, पावसाळ्यापूर्वी सौंदड स्टेशनावर उतरवून घेण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.